जावयाचा प्रेस आणि माझी शपथ

बॉथेल, वॉशिंग्टन
शुक्रवार, १० ऑक्टोबर १९८६

प्रिय पुरुषोत्तमराव यांस,

एकनाथ भालशंकरचा सप्रेम जयभीम. (तुम्ही नेहमीप्रमाणे नमस्कारानं उत्तर द्या, माझी हरकत नाही.)

तुमचा गुडघा काय म्हणतो? उत्तरावहिनींचा खोकला थांबला का? इकडे मी, सरला, सुमेधा आणि जावईबापू प्रसन्न असे चौघेही ठणठणीत आहोत. तसं राहणं भाग आहे, कारण इथे डॉक्टरकडे जायचं तर पंधरा दिवस आधी वेळ घ्यावी लागते, आणि तोवर दुखणं कंटाळून निघून जातं. चार महिन्यांत आकाश मोजून तीनदा निळं दिसलं. तिन्ही वेळा शेजारचा गोरा अर्ध्या चड्डीवर बाहेर आला आणि मला म्हणाला की काय सुंदर दिवस आहे. याला हे लोक संभाषण म्हणतात.

आता मूळ विषय. आपले जावईबापू इथल्या एका प्रयोगशाळेत जंतू वाढवतात. (मुद्दाम. त्याचाच पगार मिळतो.) माणूस तसा सज्जन, चहात साखर विचारून घालणारा. पण वर्षभरापूर्वी ऑफिसातल्या दोन मित्रांनी त्याला शनिवारी चांदमारीला नेलं आणि त्याच्या डोक्यात वारं शिरलं. एक पिस्तूल आणलं, कानाला लावायची कर्णफुलं आणली, कागदावरचा एक काळा माणूस आणला आणि दर शनिवारी त्याला भोकं पाडणं सुरू झालं. इथवर मी काही बोललो नाही. पण गेल्या महिन्यात त्यानं जाहीर केलं की विकतची काडतुसं काही खरी नाहीत, आता काडतुसं घरीच भरायची! पुरुषोत्तमराव, घरी! ज्या कामाला आपल्या काडतूस फॅक्टरीत कुंपण, पहारेकरी, आत जाताना काडेपेटी काढून घेणारा जमादार आणि चपलेचे खिळे तपासणारा वेगळा माणूस, ते काम हा गॅरेजमध्ये, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, हाफ पँटीत करणार. तेही एका जुन्या दाराला चार पाय ठोकून केलेल्या टेबलावर. त्या टेबलावर तेव्हा सुमेधाच्या लिंबाच्या लोणच्याच्या तीन बरण्या होत्या.

त्यासाठी काडतुसं भरायचा हाताचा प्रेस निवडायचा होता. हे प्रकरण तीन आठवडे चाललं. (सुमेधाला पाहायला आला होता तेव्हा वीस मिनिटांत होकार देऊन, पोह्यांची दुसरी बशी खाऊन गेला होता.) जेवणाच्या टेबलावर कॅटलॉगांचा ढीग. त्यातून मला कळलं ते असं, की घरगुती प्रेस तीन जातींचे. पहिला साधा. दांडा ओढला की एकच काम होतं. आधी पन्नास केसेस, म्हणजे पितळेची रिकामी नळकांडी, आकारात आणायच्या, मग साचा बदलून पन्नासांची तोंडं जरा रुंदावायची, मग दारू मोजून भरायची, मग पुन्हा साचा बदलून गोळ्या बसवायच्या. दुसऱ्याच्या डोक्यावर फिरती चकती, त्यात सगळे साचे आधीच लावलेले. आणि तिसऱ्यात खालची ताटलीच फिरते, सगळी कामं एकदम होतात आणि दर ओढीला एक तयार काडतूस टपकन डब्यात पडतं. यावर जावईबापूंनी कोणाकोणाचा सल्ला घेतला? मित्रांचा. तीन मासिकांचा. पोस्टमनचा. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्या विकणाऱ्या आपल्या मावसभावाला तर ट्रंक कॉल करून विचारलं. संबंध अमेरिकेत फक्त एका माणसाला विचारलं नाही. तो माणूस समोरच बसून ताक पीत होता.

त्याला कसं विचारणार? चौतीस वर्षं काडतुसांच्या केसेस तपासण्यात घालवलेला, मापाच्या गेजात न बसणारं पितळ दुरून ओळखणारा चेकर एकनाथ भालशंकर हा घरच्यांच्या लेखी स्टोअरमधला कारकून आहे. आणि याला जबाबदार तुम्ही आहात. १९५० साली तुमच्याच टेबलासमोर मला उभं केलं होतंत आणि गुप्ततेची ती शपथ इंग्रजीत, घसा साफ करून, अशी वाचली होतीत की मला वाटलं, सही करताच फासावर चढवतात. शेवटी मराठीत वर म्हणालात, "भालशंकर, बायकोलाही नाही." मी नाही सांगितलं! लग्नात नाही, सुमेधाच्या जन्माच्या वेळी नाही. सरलेनं विचारलं की म्हणायचो, स्टोअरमध्ये असतो, खिळे-मोळे मोजतो. खरं सांगू, कधीकधी फार वाईट वाटायचं. शाळेच्या फॉर्मवर सुमेधानं माझ्यासमोर "कारकून" लिहिलं तेव्हा मी उठून अंगणात गेलो होतो.

मग आम्ही दुकानात गेलो. विक्रेता पट्ट्यांनी विजार वर धरलेला, ढेरपोट्या गृहस्थ. त्यानं मला बाजूला घेतलं आणि एक काडतूस नाकासमोर धरून, ही केस, ही गोळी, आत दारू, मागे ठिणगीची टोपी, असं लहान मुलाला शिकवतात तसं सावकाश सांगितलं. मी "व्हेरी नाइस" म्हणालो. त्याच्या हातातल्या केसच्या तोंडाला केसाएवढी चीर होती. तीही मी पाहिली आणि पुन्हा "व्हेरी नाइस" म्हणालो. त्यानं अर्थातच तिसऱ्या जातीचा प्रेस गळ्यात मारला. तासाला चारशे काडतुसं निघतात म्हणे. माणूस शनिवारी शंभर उडवतो, त्याला तासाला चारशे कशाला लागतात, हा प्रश्न या देशात कोणी विचारत नाही.

लोणच्याच्या बरण्या जमिनीवर आल्या आणि प्रेस टेबलावर आला. चार बोल्टांनी आवळला. पहिल्याच ओढीला टेबल चार बोटं पुढं सरकलं. विसाव्या ओढीपर्यंत जावईबापू आणि टेबल दोघंही गॅरेजच्या दारापर्यंत आले होते. हा परवाचा, बुधवारचा प्रकार. मी शेजारी बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या करत होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. या प्रेसची ताटली हातानं फिरवायची असते. त्यानं दांडा ओढला, केसमध्ये दारू पडली, आणि तेवढ्यात फोन वाजला. फोनवर दहा मिनिटं जंतूंची चौकशी करून परत आला, ताटली न फिरवता पुन्हा दांडा ओढला, आणि त्याच केसमध्ये दुसऱ्यांदा दारू पडली. पिस्तुलाच्या दारूचं माप एवढंसं की दुप्पट पडली तरी केस भरून वाहत नाही, वरून काही कळत नाही. पुढच्या दोन ओढींत तिच्यावर गोळी बसली आणि ती डब्यातल्या इतर काडतुसांत जाऊन मिसळली. असं काडतूस पिस्तुलात घातलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पिस्तूल फुटतं, आणि ते ज्या हातात असतं तो हात जावयाचा असतो.

मी म्हणालो, "प्रसन्न, मघाशी दोनदा ओढलंत."

"बाबा, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "मशीन सगळं ऑटोमॅटिक करतं यार."

सासऱ्याला यार. तेही सोडा. तो जेवायला गेल्यावर मी डबा पुढे ओढला, लाल पेन्सिलीनं त्यावर मोठी फुली मारली, खाली REJ लिहिलं आणि सवयीनं सहीही ठोकली. लॉटमध्ये एक सदोष म्हणजे लॉट रद्द, हे तर आपल्याकडे झाडूवालाही जाणतो. जावईबापूंनी फुली पाहिली आणि हसून विचारलं, "बाबा, तुम्ही फॅक्टरीत नक्की काय करायचात?" पुरुषोत्तमराव, शब्द दातांपर्यंत आला होता. पण तुमचा खाकरलेला घसा कानात वाजला आणि मी म्हणालो, स्टोअरमध्ये होतो. त्यानं ओल्या फडक्यानं फुली पुसून टाकली. कारकुनाचं कोण ऐकतो? उद्या सकाळी नऊला तो ती पन्नास काडतुसं घेऊन चांदमारीला निघणार आहे.

असो. बाकी इथे मजेत आहे. वहिनींना आदरपूर्वक जयभीम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
एकनाथ भालशंकर
(निवृत्त, स्टोअर)

ता. क. खरं पत्र इथून पुढं. आपल्या शपथेचा नियम काढून पाहा. ती निवृत्तीनंतर लागू आहे का, समुद्रापार लागू आहे का, आणि जावई हा त्यात परका धरतात की घरचा? उलट टपाली कळवा. (हे लिहिल्यावर लक्षात आलं की पत्राला बारा दिवस लागतात आणि शनिवार उद्या आहे.)

ता. क. २. शनिवार. ही ओळ एरोग्रामच्या कडेनं लिहितोय, कागद फिरवून वाचा. सकाळी पावणेनऊला मी गाडीच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. शपथ, चौतीस वर्षं, गेज, सगळं. प्रसन्ननं गाडीची किल्ली खिशात घातली आणि आम्ही दोघांनी एकेक करून पन्नास काडतुसांमधल्या गोळ्या उपसल्या. सदतिसाव्यात दुप्पट दारू निघाली. त्यानं ती वेगळ्या वाटीत काढून ठेवली. मग आतून कॅटलॉग आणला, माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, "बाबा, कुठला घेऊ?" मी पहिल्या जातीचा, सगळ्यांत बावळट दिसणारा, एका ओढीला एकच काम करणारा प्रेस दाखवला आणि म्हणालो की टेबलाचे पाय आधी भिंतीला आवळा. तो मान डोलावून लिहून घेत होता.

ता. क. ३. रात्री हे सगळं सरलेला सांगितलं. छत्तीस वर्षांनी. तिनं भाजी निवडता निवडता म्हटलं, "लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुमच्या पँटच्या घडीत पितळेचा चुरा मिळाला होता. स्टोअरमध्ये काय पितळ किसतात? आणि बाकीचं रेशनच्या रांगेत उत्तरावहिनींनी सांगितलं की सगळं." तेव्हा पुरुषोत्तमराव, नियमाची फाइल शोधायला जाऊ नका. फक्त वहिनींना विचारा, त्यांना कोणी सांगितलं होतं?