खोडलेलं उत्तर

४ जाने.
धाकट्या बहिणीचा, गौरीचा फोन, नांदेडहून, बूथवरून. रडत होती. क्लासच्या रविवारच्या टेस्टनंतर पहिल्या बॅचमधून तिसऱ्या बॅचमध्ये टाकलं पोरीला. "ताई, मी चुकीचे गोल खोडून दुसरे भरले. मशीननं दोन्ही धरले. दोन उत्तरं म्हणून शून्य."
आणि उत्तरपत्रिका तपासायचं ते मशीन कुणाचं? आमच्या कारखान्याचं. मीच केलेलं. धन्य आहे माझी.

५ जाने.
दिवसभर खोडलेले कागद मशीनमधून काढले. खरंय तिचं. खोडल्यावर राहिलेला डागही मशीन उत्तर समजतं. आमची गौरी पहिल्यापासून पेन्सिल दाबून लिहिते, डाग राहणारच.
प्रोग्रॅम बदलला. दोन गोल काळे दिसले तर तुलना करायची, जास्त काळा ते उत्तर. संध्याकाळपर्यंत नवी चिप तयार. चालली! एकटीच हसत बसले.

६ जाने.
चिप घेऊन शकीलभाईंकडे. उत्पादन तेच बघतात. आजवर आमचं असंच चालायचं: रविवारी क्लासवर जाऊन घोळ बघायचा, सोमवारी मशीनमध्ये बदल. म्हणून तर मशीन इथवर आलं. आज त्यांनी हात मागं घेतला.
"मॅडम, आयएसओचं ऑडिट हाय. मंजुरीबिगर चिप लावली तर माझी नोकरी जाईन."
चूक त्यांची नाही. चिडले मात्र त्यांच्यावरच.

१० जाने.
बदलाचा अर्ज आयएसओसाठी नेमलेल्या कन्सल्टंटनं परत दिला. (पुण्याचा. शर्टाची इस्त्री कधी मोडत नाही.) कारण लिहिलं होतं, ग्राहकाची तक्रार. तर म्हणे, ग्राहक म्हणजे क्लास, विद्यार्थी नव्हे. क्लासची लेखी तक्रार आणा. अरे, शून्य काय क्लासला पडलं?
दुपारी भरलेला ट्रक गेला, टेबलं थरथरली. सगळे उठून दाराकडे. लातूरच्या भूकंपाला इतकी वर्षं झाली तरी पाय आपोआप पळतात. कन्सल्टंट एकटा खुर्चीत. म्हणे, बाहेर पडायचीही कार्यपद्धती लिहून काढा. शकीलभाई म्हणाले, "साहेब, जमीन मंजुरी घेऊन हलती का?" लई दिवसांनी पोट धरून हसले.

१२ जाने.
मालकांशी, मोहनरावांशी भांडण. "सुषमा, पोरी, सर्टिफिकेट न्हाई तर मोठे क्लासवाले दारात उभं करून न्हाई राहिले. ऑडिट होऊ दे, मग तुझी चिप." खरं बोलतात, राग त्याचाच जास्त येतो. तोवर पोरांच्या टेस्टा काय थांबणारेत?

१७ जाने.
ऑडिट झालं. मला विचारलं, प्रत्येक मशीन मंजूर डिझाइनप्रमाणं तंतोतंत सारखंच बनतं का? हो, तंतोतंत सारखंच चुकतं, असं ओठावर आलेलं. नुसतं 'हो' म्हटलं.
पास झालो. पेढे वाटले. माझा तसाच टेबलावर ठेवला.
आता गिऱ्हाइकांकडच्या जुन्या मशीनांनाही सील आणि आयएसओचा स्टिकर लावून येणार आहेत. स्टिकर कंपनीच्या कामकाजाचा, मशीनचा नव्हे, हे मी सांगितलं. ऐकतंय कोण.

२० जाने.
माझी चिप पुढच्या आढावा बैठकीत. ती कधी? ठरायचीय. मोहनरावांनी नजर चुकवली. वैताग, वैताग, वैताग.

२३ जाने., रवि., नांदेड
पहिल्या एसटीनं आले. चिप डबीत, स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये. कुणाला सांगितलं नाही.
क्लासचे सर भला माणूस. चहा पाजला. म्हटलं, मशीन चुकतंय, आत्ता नीट करते. नाहीतर लेखी तक्रार तरी द्या.
"तुमच्याच माणसानं परवा सील मारलंय, मॅडम. पालकांना आम्ही तोच स्टिकर दाखवून राहिलो. तक्रार लिहायची म्हणजे आजवरच्या सगळ्या बॅचा चुकल्या म्हणून लिहायचं का?"
सीलला हात लावू दिला नाही.
बाहेर येऊन गौरीला सांगितलं. वाटलं, रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.
"जाऊ दे, ताई. मी खोडायचंच सोडलंय. चुकलं कळलं तरी तसंच ठेवते. आजच्या पेपरातही ठेवलं. सगळ्याच पोरी तसं करून राहिल्यात. वेळ तरी वाचतो."
हे शिकवलं मी तिला. मी!
बाकावर बसून लिहितेय. सर जेवायला घरी गेलेत. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मशीनशेजारी तसाच, आल्यावर तपासणार. सर मूळचे आमच्या लातूरकडचे. भूकंपापासून कुठल्याच खोलीला कडी-कुलूप लावू देत नाहीत. मशीनच्या खोलीचं दार नुसतं ओढून घेतलंय.
गौरी माझ्या पर्सकडे बघतेय.