कुलूप कुणाचं ते आधी बघा

मॅडम, तुम्ही कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख, आणि नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांची तुमच्याविरुद्ध एकच तक्रार होती. मुलुंड आणि घाटकोपर, आपल्या रुग्णालयाच्या दोन्ही शाखांचा डेटाबेस एक, आणि नोंद आधार क्रमांकावर. जुना पेशंट नवा म्हणून भरायला गेलं की लाल अक्षरं यायची : हा क्रमांक आधीच आहे. बाहेर रांग ओरडायची, म्हणून आम्ही क्रमांकापुढे एक टिंब लावून मोकळे व्हायचो. टिंबासकट तो क्रमांक मशीनला नवा वाटायचा. तुम्ही ते टिंब बंद केलंत. मी युनियनचा सेक्रेटरी. कॅन्टीनमध्ये सभा लावली आणि तुम्हालाही बोलावलं.

अजून दिसतंय. मी टेबलावर उभा आहे. "मशीन आपल्यावर संशय घेतं आणि मॅडम मशीनची बाजू घेतात!" टाळ्या. तुम्ही मागे, हातात कटिंग चहा, शांतपणे ऐकताय. तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टर धावत येतात. "मॅडम, आमच्या एका पेशंट बाईंना कुठलं इंजेक्शन चालत नाही ते बघायचंय, डॉक्टर खोळंबलेत. दोन नोंदी दिसतायत. टिंबवाली कोरी आहे आणि दुसरी उघडतच नाही, कुलूप दाखवतेय, कुणीतरी ती धरून बसलंय!" मागून कुणीतरी ओरडतं, "सर्व्हर बंद करून चालू करा ना यार!" तुम्ही मान हलवता. "नको रे, औषधांच्या खिडकीतल्या अर्ध्या भरलेल्या नोंदी जातील. कुलूप कुणाचं ते आधी बघा." तुमची सहायक लॅपटॉप उघडते आणि तुमच्याकडे बघते. "बोल गं." "मॅडम... तुमचंच आहे."

त्याच बाईंच्या दोन नोंदी एक करायला तुम्ही बसला होतात आणि आमची तक्रार ऐकायला काम तसंच उघडं टाकून खाली आला होतात. दुसऱ्या कुणी 'सिस्टीमचा प्रॉब्लेम' म्हणून हात झटकले असते. तुम्ही जिना चढून गेलात, नोंद सोडलीत, वॉर्डाला पेनिसिलिन देऊ नका म्हणून फोनवर सांगितलंत आणि परत आलात. "चूक माझी. उठताना बंद करायला हवं होतं. तुझं भाषण अर्धं राहिलंय, कर ना पुरं." टेबलावर उभ्या माझ्या तोंडून शब्द फुटेना. "काय रे, आता तू हँग झालास?" म्हणालात, आणि सगळं कॅन्टीन हसलं.

धैर्यावर मी ढीगभर वाचलंय, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत त्यावर तावातावाने बोललोय. पण खुर्चीवरच्या माणसाने भर सभेत, विरोधकांसमोर, स्वतःचं कुलूप स्वतः कबूल करणं मी तेवढं एकदाच पाहिलं. आता सॉफ्टवेअरची नवी कंपनी म्हणतेय, एका क्रमांकाला एकच नोंद हा नियमच काढून टाका, एरर येणार नाही, रांग पटापट सरकेल. आपल्याच लोकांनी तसा अर्ज केलाय. उद्या त्यावर सह्या आहेत. एकाच माणसाच्या पुन्हा दोन नोंदी होतील, एक खरी आणि एक कोरी, आणि डॉक्टरांपुढे कोणती येईल ते नशीब ठरवेल.

तुम्ही गेलात, आता हे पत्र पाठवायला पत्ता नाही. आणि खरं सांगू? ते अर्धं भाषण मी पुढे कधी पुरं केलंच नाही. उद्या करणार आहे, त्याच कॅन्टीनमध्ये, पण तुमच्या बाजूने. शेवट आत्ताच लिहून ठेवतो : मित्रांनो, त्या अर्जावर सही करू नका.