ओम कमी, भार जास्त

अहो पूजाचे पप्पा,

तुमी गेल्यापासून रोज तुमच्या फोटोसंगं बोलते मी. पण परवापासून फोटोकडं बघायची हिंमत होईना. तोंडानं सांगायची लाज वाटायलीय, म्हणून लिहायलेय.

परवा पाराजवळच्या घरी हळद होती. तुमच्या माघारी आपल्या साउंडची पहिली ऑर्डर! भावजी म्हणत होते, "वहिनी, सामान विकून टाका, हे बायामाणसाचं काम न्हाई." मी हट्टानं घेतली. ॲम्प्लीफायरचं मशीन, माईक, स्पीकरचे दोन बॉक्स, सगळं तुमी लावायचे तसंच लावलं. आवाज झकास लागला! मग पोरं ओरडायला लागली, "काकू, आवाज वाढवा!" मला चेव आला. अजून दोन बॉक्स आणून त्याच वायरीला जोडले.

तुमी शिकवलं होतं की हो! आपला एक बॉक्स आठ ओमचा. असे दोन जोडले की चार ओम, चार जोडले की दोनच. मशीनला चारच्या खाली नेऊ नको. सगळं पाठ होतं मला. पण त्या गडबडीत वाटलं, ओम कमी झाले म्हणजे मशीनवरचं ओझं कमी झालं. जसं काही मी भाजीच तोलायले!

टाकीजवळ नेऊन दाखवलं होतं ना तुमी? एक तोटी उघडली तर टाकी निवांत. चार उघडल्या की पाण्याला वाट मोकळी, अन् टाकीचा जीव जातो. ओम म्हणजे अडवणूक, ती कमी झाली की मशीनला जास्त करंट द्यावा लागतो. तवा मी मेली हसत होते, "ओम म्हणल्यावर हात जोडायचे का?" का न्हाई रागावला तुमी? हसत का बसला माझ्यासंगं?

ऐन हळदीत जळका वास आला अन् सगळं गप! नवरीची आजी गाणं म्हणत होती, ती माईक धरून तशीच उभी. समदे माझ्याकडं बघायले. अन् माझ्या तोंडातून निघालं, "मी काय करू? यांनीच मशीन खराब करून ठेवलं होतं."

तुमी! रोज फडक्यानं मशीन पुसणारे तुमी! भावजी लगेच म्हणाले, "दादाचं कामच तसं होतं." बायांनी माना डोलावल्या. मी खाली बघून वायरी गुंडाळत राहिले. तुमाला आता उलट बोलता येत न्हाई, म्हणून तुमच्यावर ढकललं. लय हलकी निघाले मी.

काल मशीन एसटीत मांडीवर घेऊन परभणीला टाकून आले. ते होईल दुरुस्त. पण त्या बायांच्या डोक्यात जे बसलंय त्याचं काय?

घरात तुमी कधी मला नावानं हाक मारली न्हाई. फक्त माईक तपासताना, साऱ्या राणीसावरगावाला ऐकू जाईल असं, "हॅलो, हॅलो, सुमन, ऐकू यायलंय का?" मी किती चिडायची!

रविवारी त्याच घरी सत्यनारायण हाय. साउंड दुसऱ्याचा सांगितलाय त्यांनी. तरी मी जाणार, माईक मागून घेणार. तुमचं नाव आजवर उखाण्यातच घेतलं मी. आता भावजींच्या समोर सरळ घेणार, शपथ तुमची.

"हॅलो, हॅलो. दिगंबरचं मशीन चांगलं होतं. चूक सुमननं केली."

ऐकू येईल ना तुमाला?

तुमची,
सुमन