पहिल्या सॉकेटची ट्यूब

मंगळवार, ३

टोचतो म्हणे. माझा आवाज टोचतो!

ताईंनी – बँड त्यांचा, गातातही त्याच – गाणं मध्येच थांबवलं, माइक स्टँडला अडकवला आणि म्हणाल्या, "मागून कुणीतरी कानात सुई घालावी तशी येते रे तुझी गिटार." तालीम बंद. ढम्या – आमचा ड्रमवाला – काठ्या मांडीवर ठेवून छताकडे बघत बसला. आजवर मला उशिरा येणारा म्हणालेत, न सांगता जाणारा म्हणालेत. टोचणारा कुणी म्हणालं नव्हतं.

१४ ला रेकॉर्डिंग. १२ ला शेवटची तालीम. तोवर आवाजाला ऊब आली तर मी, नाहीतर चष्मेवाला. तो कोण हे आजच कळलं. चांगला गिटारवाला आहे म्हणे, ताईंनी नुसता फोन करायचा अवकाश. दोन वर्षांत सहा गावं झाली, पाच बँड. प्रत्येक ठिकाणाहून मीच निघालो. इथून पहिल्यांदाच निघायचं नाहीये – आणि इथूनच काढतायत.

निघताना ढम्या म्हणाला, "ॲम्प जुना आहे, वाईट नाही. आतली पुढची काचेची ट्यूब बदला. कानमास्तरांकडे जा. पाहुणे, हट्ट करू नका."

मी आल्यापासून तो मला पाहुणेच म्हणतो.

बुधवार, ४

कानमास्तरांचं दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. मध्ये पडदा. पडद्यामागे त्यांच्या बायकोचं, काकूंचं शिवणकाम. पुढे दुरुस्तीला आलेले ॲम्प एकावर एक, मागे लोकांचे अर्धे शिवलेले कोट.

त्यांनी माझ्या ॲम्पचं मागचं फळकूट काढलं. आत दोन मोठ्या ट्यूब आणि अंगठ्याएवढ्या तीन.

"मोठ्या दोन ताकदीच्या. त्यांना हात लावायचा नाही. ही पहिल्या सॉकेटमधली छोटी बघ. गिटार आत शिरते ती हिच्या दारातून. इथं जे टोचलं ते पुढं मोठं मोठं होत जातं."

छोट्या ट्यूबना त्यांनी जोरावरून नावं ठेवलीत. शंभरी सगळ्यात जोराने ढकलते, आवाज लवकर फाटतो. सत्तरी जरा सबुरीची. चव्वेचाळिशी त्याहून गरीब. मी म्हटलं, मग द्या की चव्वेचाळिशी, झाली ऊब. ते हसले. "आकड्यावर जायचं नसतं बाबा. एका डब्यातल्या दोन शंभऱ्या घे. सख्ख्या जावा. एकीचं दुसरीशी पटणार नाही."

माझ्या आधी एक जाडा बेसवाला होता. पद्धत बघून घेतली. गिऱ्हाइकाने खुर्चीत बसायचं, पडद्याकडे तोंड करून. ॲम्प पाठीमागे. चारच मात्रा, त्याच त्या, तीनदा वाजवायच्या. मास्तर डोळे मिटून, टेबलावर पंजा पालथा. वाजवणं संपलं की कुणी बोलायचं नाही. मागे काकूंचं मशीन काय ते चालतं – वाजवताना बिचाऱ्या थांबतात, मग परत खर्र. मग मास्तर डोळे उघडतात. "नाही." ट्यूब थंड होऊ द्यायची, फडक्याने काढायची, दुसरी लावायची. पुन्हा तेच. तिसऱ्या ट्यूबला म्हणाले, "हीच." बेसवाला खुर्चीतच विरघळला. एवढा मोठा माणूस, डोळे पाण्याने भरलेले.

खुर्ची पडद्याकडे का, असं विचारलं. "आवाज पाठीवर घ्यायचा असतो. तोंडावर नाही." केवढं बोलले!

माझी पाळी आली तेव्हा कळलं की मी गिटारची केबलच आणली नव्हती. वाटेत एका घराच्या जिन्यात सात पायऱ्यांवर सात मांजरं बसली होती, ती मोजताना कुठेतरी राहिली असणार. उद्या.

गुरुवार, ५

केबल सापडली. सहाव्या पायरीवर. मांजर तिच्यावर झोपलेलं.

काकू घरी नव्हत्या, कपडे पोचवायला गेलेल्या. मास्तर म्हणाले, संध्याकाळी ये. मी म्हटलं, तुम्हाला काय करायच्यात काकू, कान तर तुमचे. त्यांनी दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बस."

दोन शंभऱ्या झाल्या. तिसरी सत्तरी, काचेवरची अक्षरं पुसलेली. तिच्यावर वाजवताना बोटं आपोआप हळू झाली. चार मात्रा संपल्या तरी मी वाजवतच होतो. वाटलं, आता म्हणतील हीच. नाही म्हणाले. मास्तरांच्या कपाळावर घाम, नजर सारखी पडद्याकडे. चौथी शंभरी.

"हीच. घेऊन जा."

मला ती टोचली. पण मी कोण? नववीत शाळा सुटलेला माणूस. कानमास्तर हीच म्हणतात म्हणजे माझेच कान गाढवाचे.

शुक्रवार, ६

खोलीत वाजवली. टोचते. खोली लहान आहे, खोलीचाच दोष असेल.

शनिवार, ७

खोलीचा दोष नव्हता.

पहिल्याच ओळीला ताईंनी हात कानावर नेला. त्यातून ढम्याने मोठा ड्रम हाणला की माझा ॲम्प आपला आपण कुईं करायचा. मी तारांना हात लावलेला नसताना! ढम्या म्हणाला, "पाहुणे, खिडक्यांच्या काचा काढून ठेवू का?" बाकीचे हसले. ताई हसल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"बारा तारखेला शेवटचं ऐकते," एवढंच म्हणाल्या.

रविवार, ८

नीट लिहितो.

भांडायच्या तयारीने गेलो. मास्तर एकटेच पुढे. ॲम्प टेबलावर ठेवला, चालू केला, आणि ढम्याने शिकवलं होतं तसं – टिचकीला वाजली तर ट्यूब खराब – पेन्सिलने पहिल्या ट्यूबवर टिचकी मारली. टिंईंईं – ताटावर चमचा आपटल्यासारखा आवाज. शेजारच्या घरात गेला असेल. "ही तुम्ही निवडलीत," मी म्हणालो.

मास्तरांनी डोकं खाली नेलं. कान ट्यूबच्या अगदी जवळ. "परत मार."

मारली. टिंईंईं.

"वाजतेय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं चेष्टा करतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना ऐकूच येत नव्हतं. खालच्या पट्टीतलं येतं, माझं बोलणं येतं. वरचं काही म्हणजे काही येत नाही. अकरा वर्षं.

आतून काकू बाहेर आल्या. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. टाचणी काढून म्हणाल्या, "पुरे आता. सांगा त्याला."

मास्तरांनी सांगितलं. ऐकतात त्या काकू. पडद्यामागून. गिऱ्हाइकाचं वाजवून झालं की मशीनची आखूड टीप मारली तर नाही, लांब टीप मारली तर हीच. पाच तारखेला काकू घरी नव्हत्या आणि मी हटून बसलो. परत पाठवलं असतं तर मला शंका आली असती, म्हणून त्यांनी अंदाजाने दिली.

"चार गावचे लोक येतात रे माझ्याकडे. हे बाहेर गेलं तर फळी लावावी लागेल दुकानाला."

मी नाही सांगणार म्हणालो. दुसरं काय बोलणार? भांडण तसंच घशात घेऊन परत आलो. येताना ॲम्प तिथेच विसरलो. एवढं मोठं धूड!

सोमवार, ९

डोक्यात दिवसभर मशीन.

मंगळवार, १०

परवा वाटलं होतं, याहून मोठा धक्का काय बसायचा. बसला.

मास्तर बाजारात गेले होते. काकू म्हणाल्या, आत्ताच उरकू. पडदा बाजूला सारून त्या माझ्यासमोरच स्टूल घेऊन बसल्या. ट्यूब बदलायला मीच. चव्वेचाळिशीपासून सुरुवात. वाजवली. काकूंनी मान हलवली, नाही. दुसरी, नाही. मग ती अक्षरं पुसलेली सत्तरी. चार मात्रा पुऱ्या व्हायच्या आत काकू म्हणाल्या, "झालं. हीच."

मी म्हटलं, काकू, काय कान आहेत तुमचे!

"कान कसले? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मी शिवणारी बाई. कोट अंगावर चढवला की माणूस म्हणतो छान आहे. त्याच्या म्हणण्यावर जायचं नाही. खांदे बघायचे. बसला असेल तर खांदे खाली येतात. नसला तर माणूस तोंडाने कितीही छान म्हणो, खांदे वरच. पडद्याच्या फटीतून मी तेच बघते. तुझे आत्ता उतरले."

म्हणून खुर्ची पडद्याकडे. म्हणून ते पाठीवर आवाज घेणं! अकरा वर्षं चार गावांच्या गिटारी एका शिंपिणीने खांदे बघून लावल्यात. तो बेसवाला तिच्या मापाने रडला होता.

"मास्तरांना माहीत आहे?"

"त्यांना वाटतं मला ऐकू येतं. तेव्हा ते जेवत नव्हते. मी म्हटलं, रडता कशाला, मी ऐकते. झालं." मग टेप गळ्यातून काढून गुंडाळत म्हणाल्या, "ह्यांना बोलायचं नाहीस."

सत्तरी लावून ॲम्प घेऊन आलो. रस्त्यात येणाऱ्याजाणाऱ्याचे खांदे बघत होतो. एकाचेही खाली नव्हते.

गुरुवार, १२

पहिलं गाणं संपलं. मग ताई म्हणाल्या, "अरे, हाच. हाच आवाज हवा होता मला." ढम्याने काठी माझ्या पाठीत हलकेच टोचली. म्हणाला, "राहिलात बरं का." पाहुणे म्हणाला नाही. मी लगेच लक्षात घेतलं ते.

तालीम संपल्यावर ताईंनी बाजूला घेतलं. मला वाटलं, कपडे कुठले घालायचे वगैरे.

"रेकॉर्डिंगनंतर आठ महिने कार्यक्रम आहेत. मी तुझ्या आधीच्या लोकांना फोन केले. पाचही जणांना. पाचही म्हणाले, वाजवतो छान, एक दिवस उठून जातो. मला नाही रे परवडणार." मग खूप मायेने, खरंच मायेने म्हणाल्या, "ॲम्प तेवढा ठेवून जाशील? चष्मेवाल्याकडे असा नाहीये. रेकॉर्डिंगपुरता."

मी हो म्हणालो.

का म्हणालो? पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो, हात मोकळे, तेव्हा कळलं की मी हो म्हणालोय. आवाज ठेवून घेतला आणि मला काढलं. हसू यायला लागलं. मग नाही आलं.

शुक्रवार, १३

चारची गाडी पकडायची ठरवली. ॲम्प काय, आज ना उद्या मागवून घेऊ. निघायच्या आधी काकूंना सांगून यावं म्हणून दुकानात गेलो. न सांगता जातो म्हणतात ना सगळे.

काकू चपला घालत होत्या. एका नवरीचा पोशाख आजच पोचवायचा होता. "बरा आलास. तासभर मशीनवर बस. गिऱ्हाईक आलं तर काय करायचं ते तुला ठाऊक आहे." मास्तर खूश. "याचे कान तरुण आहेत," म्हणाले. बिचारे.

बसलो. फट मोठी छान आहे. खुर्चीतला माणूस फ्रेममध्ये लावल्यासारखा दिसतो.

साडेतीनला गिऱ्हाईक आलं. हातातला ॲम्प ठेवताना त्याचं हँडल कुरकुरलं आणि मी ओळखलं. माझा ॲम्प. मागे चष्मा.

मास्तरांना म्हणाला, "माझा हात जड आहे. ही ट्यूब त्याखाली झोपते, आवाज दबतो. ताई म्हणाल्या, तुमच्याकडे जा." साधा मुलगा. माझ्याहून लहानच असेल. नखं स्वच्छ. मास्तरांनी सत्तरी काढून टेबलावर ठेवली. मी पडद्यामागे, फटीला डोळा लावून.

पहिली शंभरी लागली. खांदे वर, मानेला टेकलेले. मी आखूड टीप मारली. "नाही," मास्तर म्हणाले.

दुसरीही शंभरीच. त्याने वाजवलं. दुसऱ्या मात्रेला त्याचे खांदे उतरले. डोळे मिटले, तोंड जरासं उघडं राहिलं. इतकं स्पष्ट की काकूंची गरजच नाही, आंधळ्यालाही दिसलं असतं.

वाजवणं थांबलं. मास्तर डोळे मिटून, पंजा टेबलावर. वाट बघतायत. माझा पाय मशीनच्या पायट्यावर.

पुढचं आज लिहवत नाही. चारची गाडी गेली.

शनिवार, १४

सकाळी सातला ढम्या धावत खोलीवर आला. चष्मेवाल्याचा आवाज भयंकर टोचतोय, ताई रडकुंडीला आल्यात, ताबडतोब बोलावलंय. रेकॉर्डिंग मीच करायचं.

काल मी दुसरीला आखूड टीप मारली. तिसरीला त्याचे खांदे कानांना लागले होते. तिला लांब मारली.

माझी सत्तरी मास्तरांच्या टेबलावर राहिलीय. ती आणल्याशिवाय वाजवता येणार नाही. ढम्या खाली थांबलाय. काकू आज घरीच आहेत, आणि माझे खांदे वर आहेत.