त्रिवेणीची साक्ष

आदरणीय पाळकसाहेब, सलाम.

त्रिवेणीचं कॉलेज सुटलं. तिच्या खोलीतल्या ईश्वरीनेच आज सांगितलं. वडील येलदरीहून आले नि म्हणाले, "लय शिकलीस. चल घरी."

ती आपल्या चर्चच्या तरुण संघात फक्त गायला यायची. तिच्या तापात संघातल्या मुलींनी पेज करून दिली, एवढंच ती तुमच्या आग्रहाखातर उपासनेत साक्ष म्हणून बोलली. तुम्ही व्हिडिओ टाकलात, वर लिहिलंत, 'आणखी एक आत्मा तारला.' तो तिच्या गावभर फिरला, पोरगी ख्रिस्ती झाली म्हणून. काढा म्हटलं, तर हसलात, "एस्तेरबाई, चांगली बातमी झाकायची असते का?"

आता तिचं लग्न ठरतंय.

हे पाठवलं तर तुम्ही संघच बंद कराल, म्हणून पाठवत नाही. येत्या रविवारी तुम्ही दोन नव्या मुलांना साक्षीला उभं करणार आहात. ती दोघं येणार नाहीत. चर्चला येऊ नका, असं मीच त्यांना सांगितलंय.

एस्तेर शिरसाठ
परभणी