त्रिपुरीची आमची दिवाळी

आप्पा,

निपाणीच्या आपल्या परसात तुम्ही दाढीला बसला आहात. पेरूच्या फांदीला मी आणलेला आरसा टांगलाय, आणि साबण लावता लावता तुमचा हात थांबतो. "काय आणलंस गं हे? नाक बघ माझं, केवढं दिसतंय. साबण पुरायचा न्हाय एवढ्या तोंडाला." मी चुलीपाशी चहा गाळतेय आणि हसतेय. तो आरसा मी नोकरीला होते त्या डोंगरावरच्या दुर्बिणीसाठी आला होता. कडेचा टवका उडाला म्हणून बाजूला काढला, आणि साहेबांना विचारून मी तो तुमच्यासाठी आणला. खोलगट असल्यानं जवळचं मोठं दाखवायचा.

"ह्यात बघून काय हुडकता तुम्ही?" तुम्ही विचारलंत, आणि पहिल्यांदाच मला माझं काम मराठीत सांगावं लागलं. बेळगावच्या कॉन्व्हेंटात सगळं इंग्रजीत शिकलेली मी, अडखळतच बोलले. आकाशातून अतिशय ताकदवान कण पृथ्वीवर येतात, विश्वकिरण म्हणतात त्यांना. ते कुठून निघतात ते कुणाला ठाऊक नाही, कारण त्यांच्यावर विद्युतभार असतो आणि वाटेतली चुंबकीय क्षेत्रं त्यांना वळवत राहतात. येतात त्या दिशेला बघून उपयोग नसतो. "म्हंजे एसटीसारखं," तुम्ही म्हणालात. "चिकोडीच्या गाडीतनं उतरला म्हणून पावणा काय चिकोडीचा होत न्हाय." मग मी सांगितलं, की जिथून ते कण सुटतात तिथूनच गॅमा किरणही निघत असावेत, आणि भार नसल्यामुळे ते सरळ येतात. ते हवेत शिरले की निळसर प्रकाशाची पुसट चमक उठते, ती आम्ही आरशांत धरतो. चांदणं असलं तर ती हाती लागत नाही. "गाव सापडलं की आधी मला सांग," एवढं बोलून तुम्ही वस्तरा उचललात.

चांदणं नको, म्हणजे काम अमावास्येच्या आगेमागे. आणि लक्ष्मीपूजन अमावास्येलाच. नोकरी लागल्यापासून माझी दिवाळी डोंगरावरच जाऊ लागली. शेजारची आक्का कुंपणावरून विचारायची, "पोरगी अवसंला डोंगरावर बसती म्हणं. मंतर शिकती काय?" "व्हय," तुम्ही म्हणायचात, "तुझ्या म्हशीवर करून बघाय सांगतो." पण पहिल्याच वर्षी तुम्ही ठरवून टाकलंत, की पुनवेला आरसे झाकलेले असतात, पोरीला रजा मिळते, तर आपली दिवाळी त्रिपुरी पौर्णिमेला. गल्लीतले आकाशकंदील उतरले की आपला चढायचा. वखारीतल्या तंबाखूच्या धुळीनं शिंकत घरी यायचात आणि कामट्यांच्या सांगाड्याला लाल कागद चिकटवत बसायचात. माझा थोरला भाऊ, अण्णा, कुरकुरायचा, करंज्या मऊ पडल्या म्हणून. मी येईपर्यंत तुम्ही त्याला डब्याला हात लावू देत नव्हतात.

एका वर्षी आम्हाला वाटलं, गाव सापडलं. एका जोडताऱ्याच्या दिशेनं चमका जास्त येत होत्या, परदेशातूनही तशाच बातम्या होत्या. मी पत्रात लिहिलं नाही. त्रिपुरीला समोर बसून सांगायचं, तुमचा चेहरा बघायचा, असं मनात होतं. त्रिपुरीच्या थोडंच आधी तार आली. घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. सुतकात कंदील लावायचा नव्हता. तो माळ्यावर तयार होता, फक्त एक शेपटी चिकटवायची राहिली होती.

पुढे ती दिशाही पुसट झाली. पुन्हा पुन्हा पाहिलं, तिथं भरवशाचं काही दिसेना. आता कितीतरी मोठ्या दुर्बिणी आहेत, पण सर्वांत ताकदवान कणांचं गाव अजून कुणी छातीठोक सांगत नाही. म्हणजे तेव्हा तुम्हाला जे सांगितलं असतं ते चुकीचंच ठरलं असतं, आप्पा. तरी सांगायचं होतं.

हल्ली मी बेळगावात, हिंडलग्याच्या बाजूला राहते आणि घर आवरायला काढलंय. कंदिलाचा सांगाडा अण्णाच्या नातीला. ती अजून त्रिपुरीला माझ्याकडे येते, राहिलेली शेपटी तिनंच लावावी. करंज्यांचा पितळी डबा अण्णाला, आता त्यानं हवा तेव्हा उघडावा. पुस्तकं शाळेला. आरसाही नातीलाच द्यायचा, असं ठरवून मी तो कापडात गुंडाळला होता. सकाळी सोडून पुन्हा भिंतीला लावला. त्यात बघितलं की माझं नाक केवढंतरी दिसतं, आणि ते तुमचं असतं.

आरसा राहू दे माझ्याकडे.