ऑर्वेलाची विभक्ती

ईसाफ्योर्दुर, ९ जानेवारी

चि. बेर्गस्वेन यास अनेक आशीर्वाद.

तुम्ही तिघे अकुरेरीस सुखरूप पोहोचल्याचे स्टेनव्हरकडून कळले. इथे खिंड बर्फाने बंद आहे, मासळी कारखान्याचे वार्षिक हिशेब माझ्या मेजावर आहेत आणि नाताळातले धुरी दिलेले मटण अजून संपत नाही. पुढील मजकूर फोनवर न सांगता लिहितो, कारण फोनवर मला राग येतो. कागदावर रागालाही व्याकरण सांभाळावे लागते.

बाप्तिस्मा होईपर्यंत बाळाचे नाव आईबापांनी सांगू नये आणि इतरांनी विचारू नये, हा आपला रिवाज मी मोडणार नाही. म्हणून मी काहीही विचारत नाही. केवळ नोंदवतो की, नाताळात नात रडत असताना मागच्या खोलीतून तुझा आवाज आला. ऑर्वेला, राणी, घाबरू नकोस, मी तुला सोडून जाणार नाही, असे तू म्हणत होतास.

ग्रंथालयातल्या बाईंकडे चौकशी करता कळले की, ऑर्वेला हे ‘सात कंदील’ नावाच्या कुठल्याशा व्हिडिओ गेममधले पात्र आहे. आपल्या भाषेत नावालाही चारही विभक्तींत चालावे लागते, म्हणून मी ते चालवून पाहिले. दुर्दैवाने ते कुठेच अडखळत नाही. माझी हरकत व्याकरणाची नव्हेच. आपल्या घरात मुलीला आजीचे नाव देत आले आहेत. माझ्या मुलीला, तुझ्या स्टेनव्हरला, माझ्या आईचे नाव आहे. तिची आई आल्दीस जाऊन आता तीन वर्षे होतील. याहून अधिक लिहिणे म्हणजे सुचवणे होईल, आणि ते मी करत नाही.

फक्त माहितीसाठी: बाळंतपणाआधी स्टेनव्हरला काही स्वप्न पडले होते काय? गेलेले माणूस आपले नाव मागायला गरोदर बाईच्या स्वप्नात येते, असे माझी आजी म्हणे. मी हिशेबनीस आहे, माझा विश्वास नाही. तरी कळवावे.

लोभ आहेच, तो वाढवणे तुझ्या हाती.

हाल्वार्दुर

---

अकुरेरी, १७ जानेवारी

ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र आम्ही दोघांनी मिळून वाचलं. नावाबद्दल स्टेनव्हरची सक्त ताकीद आहे की, हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर बाबा साऱ्या देशातली नावं घेऊन एकेक खोडत बसतील, असं तिचं म्हणणं. स्वप्नाबद्दलही आमची तोंडं शिवलेली आहेत. त्यातून काही अर्थ काढू नका ही विनंती.

पण ऑर्वेलाला तुम्ही ‘कुठलंसं पात्र’ म्हणालात, ते मला लागलं. बाबा, अंतराळयानांचे सिनेमे पाहत मी मोठा झालो, ड्रॅगनांच्या पोथ्यांची पारायणं केली, चेटकिणींशी लढताना परीक्षा बुडवल्या. पण तिच्याइतकं सच्चं मला कुणी भेटलं नाही. राजाचे सगळे लोक फितूर झाले, ती झाली नाही. जखमी सरदाराला तिनं मिठाचं वाळवंट ओलांडून नेलं. दागिन्यांचा सोस नाही, उलट बोलणं नाही, मूठभर जवावर दिवस काढते. घराण्यात अशी एक जरी निघाली तरी पुरे.

माझा जुना कन्सोल टपालानं पाठवतोय. आधी खेळा, मग बोला. पार्सलात स्टेनव्हरनं विणलेले मोजेही आहेत, ते गेमचा भाग नाहीत.

रागावलात तरी आपलाच,

बेर्गस्वेन

---

ईसाफ्योर्दुर, ८ फेब्रुवारी

चि. बेर्गस्वेन यास आशीर्वाद.

मोजे बरोबर बसले. खेळाविषयी सविस्तर लिहितो.

पहिल्या कंदिलापाशी मी विहिरीत पडलो. बाहेर येऊन पुन्हा पडलो. अखेर ग्रंथालयातल्या बाई घरी आल्या व उडी कोणत्या बटणाने मारतात ते त्यांनी दाखवले. त्यांना मी साखर पेरलेली धिरडी करून घातली. धिरडी चांगली झाली, पण डोके हिशेबी असूनही बोटे अशी आंधळी कशी, असे त्या म्हणाल्या. पुढे भेटेल त्या प्रत्येक स्त्रीला मी अदबीने नाव विचारत गेलो. राणी, भटारीण, एक जळकुटी चेटकीण. त्यांपैकी ऑर्वेला कोणीच नव्हती. चौथ्या कंदिलापाशी तबेला लागला.

चि. बेर्गस्वेन, ऑर्वेला ही घोडी आहे.

जवाचा उल्लेख आला तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते. मला घोड्यांविषयी आदर आहे. माझे वडील घोड्यावरून टपाल वाटत. परंतु त्यांनी घोड्याचे नाव मुलांना दिले नाही. उद्या शाळेत बाईंनी विचारले की बाळ, तुझे नाव कुणावरून ठेवले, तर माझ्या नातीने काय सांगावे?

तथापि न्यायाने लिहायचे तर, गारपिटीत मी उतरायचे बटण दाबण्याऐवजी तिला लाथ मारली, आणि तिने ते मनावर घेतले नाही. माझी हरकत कायम आहे. जव आणखी कुठे मिळतात तेवढे कळव, माझ्याजवळचे संपले.

हरकतीसह सप्रेम,

हाल्वार्दुर

---

अकुरेरी, १५ फेब्रुवारी

ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

जव गिरणीच्या मागे मिळतात, रखवालदाराला सुकी मासळी दिली की तो आत सोडतो. पत्र वाचून स्टेनव्हर इतकी हसली की बाळ जागं झालं. लाथेबद्दल मात्र मी तुम्हाला इतक्यात माफ करणार नाही.

एक कबूल करतो. सातवा कंदील मी अजून पेटवलेला नाही. त्याच्या आधी एक पूल आहे, तिथे काहीतरी घडतं म्हणतात. नाताळात मी त्याच पुलाच्या तोंडाशी उभा होतो, आणि तिथूनच माघारी वळलो. तेव्हापासून धीर होत नाही. ऑफिसात कुणी विषय काढला की मी कानांवर हात ठेवून उठतो. तुम्ही माझ्यापुढे गेलात तर एक अक्षर सांगू नका. तुम्ही नावाचं विचारायचं नाही, मी पुलाचं विचारणार नाही. असा हा करार.

बाप्तिस्मा मार्चच्या पहिल्या रविवारी. विमानाचं तिकीट काढा, आणि तो चर्चमधला गंभीर चेहरा जरा सैल करून आणा.

तुमच्या मागे राहिलेला,

बेर्गस्वेन

---

ईसाफ्योर्दुर, २४ फेब्रुवारी

चि. बेर्गस्वेन यास अनेक आशीर्वाद.

काल सातवा कंदील पेटला. करारानुसार पुलाविषयी मी काहीही लिहीत नाही. इतकेच की, त्यानंतर मला बराच वेळ चष्मा पुसावा लागला, आणि माझी हरकत मी बिनशर्त मागे घेत आहे.

आल्दीसला ही घोडी आवडली असती. ओझे स्वतः वाहायचे आणि वर दुसऱ्याकडे वळून पाहायचे की तो तर दमला नाही ना, ही दोघींची एकच खोड. आल्दीस कुणाच्या स्वप्नात आली नाही, असे तुमच्या मौनावरून मी समजतो. तिला मागायची सवय नव्हतीच. तेव्हा ऑर्वेला असो. स्वयंपाकघरात ते नाव मोठ्याने उच्चारून मी सराव केला आहे. चर्चमध्ये माझा चेहरा ठीक राहील, याची काळजी नसावी.

रविवारी भेटू तोवर लोभ जपून ठेवावा.

हाल्वार्दुर

---

अकुरेरी, ९ मार्च

ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

वादळाआधीचं विमान गाठायला तुम्ही केक अर्धा टाकून पळालात, म्हणून जे समोर बोलायचं राहिलं ते लिहिते आहे.

आधी भांडण. पाद्रीणबाईंनी नाव विचारलं, आम्ही आल्दीस म्हणालो, आणि सगळं चर्च शांत असताना तुम्ही खणखणीत आवाजात विचारलंत, “कोण?” त्यांना वाटलं तुमची काही हरकत आहे, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. दोनदा नाव ठेवलेली मुलगी आख्ख्या अकुरेरीत माझी एकटीच असेल.

बाबा, आई ऑक्टोबरातच आली होती. स्वप्नात स्वयंपाकघरात आली, हातमोजे काढले, खुर्ची ओढून बसली. मागितलं काहीच नाही. नुसती बसून राहिली, उठायचं नावच घेईना. मी काय ते समजले. तुम्ही स्वप्नाचं विचारलंत तेव्हा जीव तुटत होता; पण स्वप्न सांगणं म्हणजे नाव सांगणंच झालं असतं. आणि नाताळात मागच्या खोलीत बेर्गस्वेन बोलत होता तो घोडीशी, बाळाशी नव्हे.

तुमचं शेवटचं पत्र वाचून बेर्गस्वेन भांडी घासायला गेला, आणि भांडी संपली तरी नळ वाहत होता. तुम्ही पुलाचं अक्षर लिहिलं नाहीत, पण चष्मा पुसल्याचं लिहिलंत. आता तो त्या कंदिलाकडे बघायलाही तयार नाही. हे तुम्हीच निस्तरा.

माया आहे, आता तीही दुप्पट झाली.

स्टेनव्हर

---

ईसाफ्योर्दुर, १३ मार्च

चि. आल्दीस हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला अजून वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र वडिलांकडून वाचून घ्यावे.

तुझे नाव मी नव्याने चालवून पाहिले. गेली तीन वर्षे ते माझ्याकडे फक्त षष्ठीत होते: आल्दीसची खुर्ची, आल्दीसचे हातमोजे, आल्दीसची कपबशी. संबोधन आपल्या व्याकरणात वेगळी विभक्ती म्हणून धरत नाहीत. माझ्या व्याकरणात मी ती आजपासून धरली आहे. सकाळी रिकाम्या घरात एकदा म्हणून पाहिली. आल्दीस, अगं आल्दीस. कुठेही अडखळली नाही.

चर्चमध्ये मी जे विचारले, त्याचे उत्तर मला मिळाले आहे.

आता वडिलांना सांग की, गुरुवारच्या विमानाने मी येतो आहे, सोबत जव आणतो, आणि त्यांच्या शेजारी बसतो. पुलावर लगाम घट्ट धरू नये. धरला तर ती जागची हलत नाही. सोडला तरच पलीकडे जाते. हा करारभंग नव्हे, केवळ वापराची सूचना आहे.

तुझ्या हाकेची वाट पाहणारा,

आजोबा